वरीलप्रमाणे, एकतीस वेळा

“ऐसे नहीं, भाई. होल्डर है, छुरी नहीं,” आमचे हे त्या नटाला म्हणाले.

नट हसला, त्याचा मेकअपवाला हसला, दिवे धरून उभी असलेली चार माणसं हसली. हे हसले नाहीत. त्यांनी नटाच्या बोटांतून होल्डर काढून घेतला, निब दौतीच्या काठाला एकदाच टेकवली, जादा शाई मुकाट्याने परत दौतीत गेली. मग रजिस्टरवर हात आडवा ठेवून म्हणाले, “कलाई नहीं हिलती. सिर्फ़ दो उँगलियाँ.”

मी कोपऱ्यात घडीच्या खुर्चीवर चहा घेऊन बसले होते आणि माणसं मोजत होते. सवयच आहे मला. सिव्हिल लाइन्समधल्या त्या जुन्या बंगल्यात शूटिंगची त्रेपन्न माणसं होती. त्यांतली काम करणारी अकरा, काम करतोय असं दाखवणारी सव्वीस, आणि उरलेली सोळा माझ्यासारखी, चहा पिणारी.

आमचे हे म्हणजे गुणवंत टिपणीस. दिल्लीतल्या एका सरकारी चित्रसंग्रहालयात पासष्ट साली कनिष्ठ लिपिक म्हणून लागले आणि छत्तीस वर्षांनी अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. काम शेवटपर्यंत एकच. आलेल्या प्रत्येक वस्तूला नंबर द्यायचा आणि ती रजिस्टरात चढवायची. आडनावाला इतका जागलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. लग्नात आलेल्या भांड्यांनासुद्धा यांनी नंबर घातले होते. मयूर विहारच्या आमच्या फ्लॅटमध्ये पातेलं क्रमांक सात अजून दुधाला वापरते मी.

यांचा एक ठेवणीतला दागिना होता. ‘छत्तीस वर्षांत एक चूक दाखवा.’ हे वाक्य नातेवाइकांनी इतक्या वेळा ऐकलं होतं, की हे ‘छत्तीस’ म्हणाले की पोरं पुढचं पूर्ण करत. आणि त्या दागिन्याला माझंही एक घुंगरू लावलेलं होतं. मला पाहायला यायची वेळ साडेपाचची ठरली होती, तर करोलबागेत माझ्या मामांच्या दारात हे पाच अठ्ठावीसला उभे. आधीचे दोघे एक तास आणि दीड तास उशिरा आले होते. मी तिथल्या तिथे मनात होकार भरून टाकला. ही गोष्ट मी चाळीस वर्षं सांगत आले आहे.

शूटिंगला आम्ही आलो ते उल्कामुळे. उल्का मोघे, दिल्लीतल्याच द्वारकेत राहणाऱ्या आमच्या ओळखीतल्या जयंतरावांची मुलगी. सिनेमा काढत होती, पहिलाच, आणि तोही अलकनंदा सुखटणकरांवर. फोनवर म्हणाली होती, “काका, मला एक असली क्लार्क पाहिजे. यहाँ किसी को पता ही नहीं, रजिस्टर लिहायचे कसे!”

अलकनंदा सुखटणकर आज सगळ्यांना माहीत आहेत. पन्नास-साठच्या दशकात लोदी कॉलनीच्या सरकारी क्वार्टरात राहणारी इंजिनीअरची बायको. क्वार्टरातल्या बायकाच तिने रंगवल्या, पण कशा, तर राजेमहाराजे रंगवावेत तेवढ्या मोठ्या. तिच्याआधी हे कुणी केलं नव्हतं. पासष्टला ती गेली. नवऱ्याने चित्रं संग्रहालयाला दिली आणि पुढची सदतीस वर्षं ती गोदामात पडून राहिली, कारण रजिस्टरात ती नवऱ्याच्या नावावर लागली होती. हौशी इंजिनीअरची चित्रं कोण भिंतीवर लावणार? दोन हजार तीनमध्ये एका संशोधक बाईने एक कॅनव्हास उलटा केला. मागे, खालच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात बाईचं नाव होतं. मग दुसरा उलटा केला. मग सगळे.

पेपरात पान भरून आलं होतं. मी यांना मोठ्याने वाचून दाखवलं आणि म्हटलं, “अहो, तुमच्याच संग्रहालयात की! कोण हो हा गाढव?” हे चष्मा पुसत बसले.

तेव्हापासून एक गोष्ट बदलली होती. मी ती टिपली होती, पण तिचा हिशेब मला लागला नव्हता. हे रोज सकाळी संजय झीलला फिरायला जातात आणि आल्यावर वहीत नोंद करतात. ‘संजय झील. तीन फेऱ्या.’ पूर्वी ते महिन्याच्या पहिल्या तारखेला लिहायचे आणि खाली तीस तारखेपर्यंत दोन-दोन तिरक्या रेघा. डिट्टो. दोन हजार तीनपासून हे रोज पूर्ण लिहू लागले. ‘संजय झील. तीन फेऱ्या. संजय झील. तीन फेऱ्या.’ मी म्हटलं, वय झालं.

“सीन असा आहे काका,” उल्का सांगत होती. तिच्या हातात कागदांची चळत होती, केसांत पेन्सिल. “पेटी येते. हजबंड, बळवंत सुखटणकर, ऑफिसरला एक लिफाफा देतो. ऑफिसर क्लार्ककडे बघतो. बस, बघतो फक्त. आणि क्लार्क बायकोच्या जागी नवऱ्याचं नाव लिहितो. एक पूरी औरत गायब! लोक रडतील, काका. बिल्कुल रडतील.”

“लिफाफ्यात काय असतं?” यांनी विचारलं.

“पैसे. और क्या?”

“यादी होती,” हे म्हणाले.

उल्काला वाटलं, काका सल्ला देताहेत. “यादीने ड्रामा नाही बनत, काका,” असं म्हणून ती दिव्यांकडे गेली.

जेवणाची सुट्टी झाली. सगळे छोले-भाताकडे धावले. हे मात्र भिंतीकडे गेले. आर्ट कॉलेजच्या मुलांनी केलेल्या चित्रांच्या नकला तिथे रांगेने टेकवून ठेवल्या होत्या. यांनी पहिली पुढे ओढली, उलटी केली, मागे पाहिलं, परत ठेवली. मग दुसरी. मी अकरापर्यंत मोजलं आणि उठून जवळ गेले. उल्काही ताट घेऊन आली.

“काय शोधताय, काका?”

“मागे काही लिहिलेलं नाही.”

“मागे कौन देखता है? कॅमेरा तर समोर असतो.”

“हो,” हे म्हणाले. “मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं.”

उल्काचा घास हातातच राहिला. हे बारावी नक्कल हातात धरून, तिच्या कोऱ्या पाठीकडे बघत बोलत होते. आवाज ऑफिसातला. खुलासा देताना लागतो तो.

“ते रजिस्टर मी लिहिलंय. पेटी उघडली तेव्हा सगळ्यात वर वीतभर चित्र होतं, बाभळीच्या झाडाचं. ते नवऱ्याचं. त्याला हौस होती. बायकोला ते आवडायचं म्हणून त्याने तिच्या चित्रांबरोबर तेही पाठवलं. त्यावर लेबल होतं, बी. सुखटणकर. मी लिहिलं. मग खालची निघू लागली. नियम असा, की प्रत्येक चित्र उलटं करून बघायचं आणि यादीशी ताडायचं. यादी साहेबांच्या कपाटात, साहेब चारलाच गेलेले, किल्ली त्यांच्या खिशात. मी म्हटलं, उद्या ताडू. शिपाई टेप धरत होता, मी मापं घालत होतो. आणि नावाच्या रकान्यात...” यांनी दोन बोटांनी हवेत दोन तिरक्या रेघा ओढल्या.

“मतलब?”

“डिट्टो. वरीलप्रमाणे. एकतीस वेळा.”

“आणि दुसऱ्या दिवशी?”

“दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात पेढे वाटत होतो. साहेबांनी ‘तपासले’ लिहून सही केली. त्यांच्या वरच्यांनी त्यांची सही बघून सही केली. वाईट कुणीच नव्हतं गं. सगळे बरे होते.”

“आणि हजबंड? त्याने काहीच...”

“त्याने दोनदा पत्र लिहिलं. चित्रं कधी लागणार म्हणून. उत्तर मीच टाइप केलं, ‘विषय विचाराधीन आहे.’ पत्र वाचून नाही, पत्राच्या तारखेला उत्तर दिलं. पेपरात आलं तेव्हा मी जाऊन जुनी फाइल काढून बघितली. यादी टाचलेली होती. तीन प्रतींत. सुंदर अक्षर. प्रत्येक ओळीत बायकोचं पूर्ण नाव, एका ठिकाणीही डिट्टो नाही.” हे पहिल्यांदा उल्काकडे वळले. “त्या माणसाला पैसे देताना दाखवू नकोस. एवढंच.”

माझ्या डोक्यात भलतंच काही जुळत होतं. पेढे.

“तारीख कुठली?” मी विचारलं.

“एकोणीस मे, सहासष्ट. गुरुवार.”

मला पाहायला आले तो दिवस. करोलबागची बस सव्वाचारला सुटायची, ती चुकली तर पुढची पाचला. त्या दिवशी यांनी एकतीस चित्रं पाहिली नाहीत आणि एक मुलगी पाहिली.

उल्का खाली फरशीवरच बसली. “काका, तुम्ही हे आत्ता सांगताय? ऑफिसरचा ॲक्टर उद्या येतोय. पैशांचा लिफाफा तयार आहे. आणि लोक हसतील, यार! इतकी मोठी आर्टिस्ट गायब झाली, आणि कारण काय, तर एका क्लार्कला जायची घाई होती?”

“हसू देत.”

“तुम्हाला हसतील.”

“हो ना. मलाच.”

“उद्या सांगते,” ती म्हणाली. ताट तसंच होतं.

बाहेर पडल्यावर मी घरची रिक्षा केली नाही. “संग्रहालयात चला,” मी म्हटलं.

“बंद झालं असेल.”

“पाचला बंद होतं. आत्ता पावणेतीन झालेत. तुम्हाला माहीत आहे.”

ती जुनी फाइल बघून आल्यापासून सहा वर्षांत हे एकदाही तिथे गेले नव्हते. पेन्शनचं काम पोस्टाने. गेटवरच्या शिपायाने ओळखलं, “टिपणीस साब!” म्हणून सलाम ठोकला, तर यांनी मान खाली घातली.

खरं सांगते, मला चित्रातलं काही कळत नाही. भिंतीवर कॅलेंडर सोडून आम्ही काही लावलं नाही. त्यामुळे वरच्या दालनात शिरताना मी तयारीत होते, की आता ‘वा वा’ म्हणायचं. ‘वा’ निघालंच नाही. समोरची अख्खी भिंत व्यापून बायका उभ्या होत्या. नऊ. पहाटेची वेळ, क्वार्टरांच्या मागचा सार्वजनिक नळ, नळाच्या तोंडाला बांधलेली चिंधी. पाणी अजून आलेलं नाही. नऊही जणी त्या चिंधीकडे बघताहेत. एकीने घागर कमरेवर घेतलीय, एक रिकामी बादली उलटी घालून तिच्यावर बसलीय, एक जांभई दाबतेय. कुणाचाच चेहरा धड दिसत नाही, आणि तरी मला सगळ्या ओळखू आल्या. ती तिसरी, कोपर भिंतीला टेकून उभी, ती माझी आई. माझ्या आईला तिने कधी पाहिलंही नसेल. पण ते कोपर आईचंच. सकाळचं पहिलं ऊन त्या नऊ कोपरांवर पडलं होतं आणि ते असं लखलखत होतं, की देवळात मी इतक्या वेळा गेले, पण हात आपोआप जोडावेसे वाटले ते तिथे. पन्नास वर्षं आम्ही नळावर उभ्या होतो आणि आम्ही एवढ्या मोठ्या आहोत हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग मी बाजूला पाहिलं. यांचा चष्मा हातात होता.

“सहासष्ट बटा दोनशे चौदा,” हे म्हणाले. “आठ फूट बाय पाच. स्थिती ठीक. कोपऱ्यात किंचित ओल.” मग, “नंबर पाठ आहे गं मला. चित्र पहिल्यांदा बघतोय.”

“टेप लावून मापलंत ना हो?”

“मापलं.”

आम्ही बाकावर बसलो. चाळीस वर्षं सांगितलेली ती पाच अठ्ठावीसची गोष्ट माझ्या मनात घोळत होती. तिचा एक तुकडा मी कधीच कुणाला सांगितला नव्हता.

“अहो,” मी म्हटलं, “त्या दिवशी तुम्ही आलात पाच अठ्ठावीसला. मी बाहेर कधी आले?”

“पावणेसहाला. तुझी वेणी व्हायची होती, मामी म्हणाल्या.”

“वेणी चारलाच झाली होती. मी आत वेताच्या मोढ्यावर बसून होते. आधीच्या दोघांनी मला ताटकळत ठेवलं, म्हटलं, आता एकाला आपण ठेवू. मुद्दाम बसवलं तुम्हाला. सतरा मिनिटं.”

यांनी चष्मा परत चढवला. हिशेब त्यांच्याही डोक्यात सुरू झाला असणार. एक चित्र उलटायला अर्धा मिनिट. एकतीस चित्रांना साडेपंधरा. वर दीड मिनिट उरलं असतं, हात धुवायला.

“म्हणजे बस चुकली असती तरी...”

“तरी होकारच होता,” मी म्हटलं. हे खरं होतं की नाही, मला आजही ठाऊक नाही. पण त्या नऊ बायकांसमोर मला तेच म्हणावंसं वाटलं.

हे हळूच हसले. “तू माझ्या चुकीत वाटा मागतेस की काय?”

“नियमाने जेवढा येत असेल तेवढा.”

दुसऱ्या दिवशी सेटवर गेलो तेव्हा उल्काचे डोळे सुजले होते. “काका, मी रात्रभर विचार केला. व्हिलन असला की लोक त्याला शिव्या देऊन मोकळे होतात. पण कोणी व्हिलनच नाही, हे तर जास्त भयानक आहे, यार.” तिने टेबलावर लिफाफा ठेवला. “यात यादी घातलीय. तीन कॉपीज. आणि तो हीरो छुरी पकडल्यासारखाच धरतो होल्डर. मला तुमचा हात पाहिजे.”

“हात देतो. नाव लावायचं.”

“नको काका. हात तर कोणाचाही दाखवता येतो. नाव आलं तर नातेवाईक, सोसायटीवाले, सगळे तुम्हाला...”

“नोंदीखाली नोंद करणाऱ्याची सही लागते,” हे म्हणाले. “नियम आहे.”

मला तेव्हा कळलं, की हे काय देऊन टाकताहेत. छत्तीस वर्षांचा तो एकुलता एक दागिना. गळ्यातून काढला आणि त्या मुलीच्या टेबलावर ठेवला.

यांना जुन्या पद्धतीचा बंद गळ्याचा कोट चढवला. हातावर पावडर फासून सुरकुत्या बुजवल्या, पंचवीस वर्षांचा हात केला. कॅमेरा वरून खाली, फक्त रजिस्टर आणि हात. यांनी पहिली ओळ लिहिली. बी. सुखटणकर. मग दुसऱ्या ओळीवर माप, स्थिती, आणि नावाच्या रकान्यात दोन रेघा. टिक, टिक. तिसरी ओळ. टिक, टिक. मनगट हलत नव्हतं. उल्काने सांगितलं होतं, पाच-सहा ओळी पुरेत काका, पुढचं आम्ही कापू. सहावी झाली. सातवी झाली. ती ‘कट’ म्हणाली नाही. त्रेपन्न माणसांच्या त्या जागेत फक्त निबेचा आवाज होता, आणि तो आवाज, काय सांगू, एखादं दार लावून घेतल्यासारखा येत होता. दर ओळीला एक दार. विसाव्या ओळीला मेकअपवाल्याने तोंडावर हात धरला. एकतिसावी डिट्टो झाली. यांनी निब पुसली, टीपकागद दाबला आणि घड्याळ नसलेल्या मनगटाकडे बघितलं. हे उल्काने सांगितलेलं नव्हतं.

त्या दिवशी काम करतोय असं दाखवणारं एकही माणूस मला सापडलं नाही.

सिनेमा पुढच्या वर्षी जानेवारीत लागला. आम्ही नोएडाच्या मॉलमध्ये दुपारच्या खेळाला गेलो. हॉल अर्धा रिकामा. बळवंत सुखटणकर पडद्यावर रात्री जागून यादी लिहितो, प्रत्येक ओळीत बायकोचं नाव पूर्ण लिहितो, तेव्हा हे पुढे सरकून बसले. मग हात आला. डिट्टोच्या पूर्ण एकतीस ओळी, उल्काने एकही कापली नव्हती. पहिल्या चार-पाच रेघांना मागे कुणीतरी खरोखरच हसलं. दहाव्या रेघेपर्यंत पॉपकॉर्नचा आवाज थांबला. आणि मग एकदम भिंतभर त्या नऊ बायका, नळाकडे बघणाऱ्या.

सिनेमा संपला. दिवे लागले, माणसं उठली, मोबाइल उजळले. काळ्या पडद्यावर बारीक पांढरी नावं वर सरकू लागली. मी उठायला लागले तर यांनी माझा पदर धरला. खूप खाली, कपडेपटाच्या आधी, एक ओळ आली. ‘रजिस्टर में प्रविष्टि: गुणवंत टिपणीस.’ प्रविष्टि म्हणजे नोंद. दोन सेकंद. गेली.

“बरोबर लिहिलंय,” हे म्हणाले.

“चला मग.”

हे उठले नाहीत. नावं येतच होती. सुतार, इलेक्ट्रिशियन, गाड्या चालवणारे, चहावाले, नकला करणारी आर्ट कॉलेजची मुलं. प्रत्येकाचं पूर्ण नाव, आपापल्या ओळीत. हे ओठ हलवत एकेक वाचत होते.

झाडू घेऊन सफाईवाला आमच्या रांगेपर्यंत आला होता. “अंकल जी, हो गया,” तो म्हणाला. “सब चले गए.”

“नाम चल रहे हैं, बेटा,” हे पडद्यावरची नजर न काढता म्हणाले.

त्याने एकदा यांच्याकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे. मग झाडू खुर्चीला टेकवला आणि तोही वाचायला लागला.